फायलींचं एन्क्रिप्शन: कोकणातल्या घरच्या संगणकासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ, मालवण, देवगड या पट्ट्यात संगणक दुरुस्तीचं काम करताना लोक दुकानात, फोनवर आणि बाजारात वाट अडवून जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. फक्त ‘माझा लॅपटॉप आधीच लॉक असेल का’ हा भाग प्रत्येकाने वाचावा. ज्यांना एन्क्रिप्शन नकोच आहे त्यांनी तर आधी तोच वाचावा.

विंडोजला पासवर्ड घातलाय. तेवढा पुरत नाही?

नाही पुरत. तो पासवर्ड विंडोजमध्ये शिरण्यापुरता. हार्ड डिस्क बाहेर काढली, साध्या यूएसबी केसमध्ये बसवली आणि दुसऱ्या संगणकाला लावली की तुमचा डेस्कटॉप, डाउनलोड, फोटो सगळं समोर. फार तर ‘या फोल्डरची परवानगी नाही’ असा निरोप येतो. ‘कंटिन्यू’ दाबलं की तोही जातो. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरासारख्या वेळी बुडालेल्या संगणकातून डेटा काढायची रीत हीच. आम्हाला जे जमतं ते लॅपटॉप चोरणाऱ्यालाही जमतं.

एन्क्रिप्शनमध्ये डिस्कवर लिहिला जाणारा मजकूरच बदलून टाकलेला असतो. की, म्हणजे लॉक उघडणारी गुप्त किल्ली, हातात नसेल तर डिस्क कुठेही लावा, अर्थहीन अक्षरांपलीकडे काही दिसत नाही. याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा: ती डिस्क पुरात भिजली आणि की तुमच्याकडे नसेल, तर आम्हालाही तेवढंच दिसतं.

माझ्यासारख्या साध्या माणसाच्या फायली कोणाला हव्यात?

तुम्हाला नेम धरून कोणी बसलेलं नाही, हे खरं. पण गणपतीच्या गर्दीत गाडीत बॅग गेली, पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे राहिला, जुना लॅपटॉप विकला आणि आत तीन वर्षांचे कागद तसेच राहिले, हे कोणाच्याही बाबतीत होतं.

तारकर्ली-देवबागकडे होमस्टे चालवणाऱ्यांचं प्रकरण जरा वेगळं. त्यांच्या संगणकात स्वतःचे कमी आणि पाहुण्यांचे कागद जास्त असतात: आधारच्या प्रती, परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट, गाडीचे नंबर. ही दुसऱ्याची माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी टाकली आहे. माझं स्पष्ट मत असं की एन्क्रिप्शनच्या आधी इथे सफाई हवी. चार सीझनपूर्वी येऊन गेलेल्या कुटुंबाची आधारची प्रत कशाला ठेवलीय? भारतीय पाहुण्यांकडून शक्य तिथे ‘मास्क्ड आधार’ घ्या. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. जे ठेवणं भागच आहे तेवढंच लॉक करा.

मग कुठल्या फायली लॉक करायच्या?

सातबारा नको. तो ऑनलाइन कोणालाही दिसतो, आणि आपल्याकडच्या सामाईक सातबारावर इतकी नावं असतात की लपवणार कोणापासून? हापूसच्या पेट्यांचे फोटो, लग्नपत्रिका, बारशाचे व्हिडिओ हेही तसेच राहू देत.

वाटणीपत्राचा मसुदा, मृत्युपत्र, खरेदीखताआधीचा व्यवहाराचा कागद, आयकर विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं, दवाखान्याचे रिपोर्ट आणि वर सांगितलेले पाहुण्यांचे कागद मात्र लॉक करावेत. बँकेचे पासवर्ड एक्सेलमध्ये लिहून ती फाइल लॉक करणारे पुष्कळ भेटतात. त्याऐवजी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लॉक करून ठेवणारा प्रोग्राम, वापरा. कीपास किंवा बिटवॉर्डन दोन्ही विनामूल्य मिळतात.

माझा लॅपटॉप आधीच लॉक असेल का? मी तर काहीच केलेलं नाही.

असू शकतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या रडकथांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ हे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन असतं, होम आवृत्तीत त्याचंच आटोपशीर रूप ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने असतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल केलेल्या मशीनवर तर हे आणखी सर्रास होतं. वापरणाऱ्याला पत्ता नसतो, कारण रोजच्या वापरात फरक काहीच जाणवत नाही.

फरक जाणवतो तो बोर्ड गेल्यावर. डिस्क उघडणारी की मदरबोर्डवरच्या ‘टीपीएम’ नावाच्या चिपच्या भरवशावर असते. आता आपली हवा बघा. किनाऱ्याजवळच्या घरात दोन-तीन पावसाळे काढलेल्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं की चार्जिंगच्या सॉकेटपाशी हिरवट बुरशीसारखा थर, रॅमच्या पट्टीवर डाग, स्क्रूची डोकी गंजलेली. वर मे महिन्यातल्या विजा आहेतच. बोर्ड बदलावा लागतो. डिस्क ठणठणीत असते, नवा बोर्ड बसतो, मशीन सुरू होतं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. जुनी चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली, त्यामुळे आता त्या ४८ आकड्यांशिवाय मार्ग नाही. कधी कधी नुसतं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अपडेट झालं तरी हाच पडदा येतो.

तपासायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आहे का ते बघा. ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे.

ती ४८ आकडी की कुठे सापडते?

ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात. ब्राउझरवरून त्या खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये आपलं मशीन निवडा, तिथे बिटलॉकर रिकव्हरी की असतात. निळ्या पडद्यावर एक ‘की आयडी’ही लिहिलेला असतो. खात्यात एकापेक्षा जास्त की असतील तर त्या आयडीची सुरुवात जुळवून योग्य की घ्यायची.

पण खातं कोणाचं? लॅपटॉप मुंबईहून भाच्याने आणला, गणपतीत पडवीत बसून त्याने स्वतःच्याच ईमेलवर सेटअप करून दिला आणि तो परत गेला. किंवा दुकानदाराने गिऱ्हाईक ताटकळू नये म्हणून भलतंच खातं बनवलं आणि पासवर्ड कोणाच्याच लक्षात नाही. मग की कुठेतरी आहे, पण तुमची नाही. म्हणून मशीन चालू आहे तोवर, म्हणजे आज, की काढून घ्या. बिटलॉकरच्या सेटिंगमध्ये ‘बॅक अप युअर रिकव्हरी की’ असा पर्याय आहे. तिथून छापून घ्या किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइलमध्ये पडद्याचा फोटो काढून ठेवणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, पण कागदच उत्तम. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. हाताने उतरवत असाल तर परत एकदा मोठ्याने वाचून ताडा.

ही जबाबदारी नको असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन सरळ बंद करा. लॅपटॉप घराबाहेर जातच नसेल आणि आत फक्त दुकानाची बिलं असतील, तर मी बंद करा असंच सांगतो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

कामावर आहे. पूर्ण लॅपटॉप फिरता असेल तर विंडोजचंच बिटलॉकर, मॅक असेल तर फाइलव्हॉल्ट, लिनक्स असेल तर लक्स. हे तिन्ही आतच मिळतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

निवडक फायलींसाठी माझी पसंती व्हेराक्रिप्टला. पूर्वीचं ट्रूक्रिप्ट मे २०१४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी अचानक बंद केलं, त्याच्याच कोडवर हे पुढे वाढलं. विनामूल्य आहे, कोड उघडा आहे (कोणालाही तपासता येतो), आणि २०१६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी त्याची तपासणी करून दाखवलेले बहुतेक गंभीर दोष दुरुस्त केलेले आहेत. जुन्या पेनड्राइव्हवर कोणी अजून ट्रूक्रिप्ट चालवत असेल तर आता पुरे.

एखादी फाइल सीए साहेबांना ईमेलने पाठवायची, एवढंच काम असेल तर सेव्हन-झिप. त्यात ‘सेव्हन-झेड’ प्रकार निवडा, पासवर्ड घाला आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करा, नाहीतर आतलं उघडलं नाही तरी फायलींची नावं वाचता येतात, आणि ‘बाबांचं मृत्युपत्र अंतिम’ हे नावच पुरेसं बोलकं असतं. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका. फोन करून सांगा.

ह्यां सगळां फुकट आसा काय?

व्हेराक्रिप्ट आणि सेव्हन-झिप, होय. बिटलॉकर विंडोज प्रोच्या किमतीत आलं. मात्र उतरवून घेताना मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. ‘क्रॅक केलेलं प्रीमियम लॉकर’ असल्या नावाच्या फायलींना हात लावू नका.

व्हेराक्रिप्ट प्रत्यक्षात कसं वापरायचं?

ते एक मोठी फाइल बनवतं, तिला कंटेनर म्हणतात. पासवर्ड दिला की ती फाइल एखाद्या वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते. काम झालं की बंद करायची.

‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबा, ‘एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर’ आणि नंतर ‘स्टँडर्ड’ निवडा. ‘हिडन’ही एक प्रकार आहे, पण तो गुप्तहेरांना लखलाभ. पुढच्या पायरीला फाइल कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायची ते विचारतं. इथे नवं नाव लिहा. पुष्कळांना वाटतं की जी फाइल लॉक करायची तीच इथे दाखवायची. तसं केलं तर व्हेराक्रिप्ट ती लॉक करत नाही, तिच्या जागी रिकामा कंटेनर बनवतं आणि मूळ फाइल जाते. ते तशी सूचनाही देतं, पण सूचना वाचतो कोण?

अल्गोरिदमला, म्हणजे लॉक करायच्या गणिती पद्धतीला, हात लावू नका. एईएस आणि एसएचए-५१२ असं आधीच निवडलेलं असतं, ते छान आहे. आकार ठरवा, कागदपत्रांना दोन जीबीही खूप होतात. कंटेनर फॅट-३२ प्रकारच्या पेनड्राइव्हवर ठेवणार असाल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही, हे लक्षात असू द्या. पासवर्ड द्या, मग माउस वेडावाकडा फिरवत राहा, खालची पट्टी हिरवी होईपर्यंत. पोरांना हे काम आवडतं. शेवटी ‘फॉरमॅट’. इथे फक्त नवा कंटेनर फॉरमॅट होतो, तुमचा संगणक नव्हे.

रोजच्या वापरात वरच्या यादीतून एक अक्षर निवडायचं, समजा ‘एम’, मग ‘सिलेक्ट फाइल’, ‘माउंट’, पासवर्ड. दोन-चार सेकंद थांबावं लागतं, ते मुद्दामच तसं केलेलं आहे: पासवर्ड अंदाजाने मारत बसणाऱ्याला प्रत्येक वेळी तेवढाच खोळंबा व्हावा. काम संपलं की ‘डिसमाउंट’. नव्या आवृत्तीत तिथे ‘अनमाउंट’ दिसेल. ड्राइव्ह उघडा ठेवून लॅपटॉप नुसता मिटला तर लॉकचा उपयोग शून्य. प्रेफरन्सेसमध्ये स्क्रीनसेव्हर आला किंवा मशीन झोपलं की आपोआप बंद व्हायची सोय आहे, ती चालू करा.

आत फायली टाकल्या. बाहेरच्या मूळ फायलींचं काय?

त्या तशाच असतील तर लॉक करून काय साधलं? मूळ फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. डाउनलोड फोल्डर बघा, व्हॉट्सअॅप डेस्कटॉपचा फोल्डर बघा, ‘न्यू फोल्डर (३)’ बघा. जुन्या फिरत्या डिस्कवर डिलीट केलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येऊ शकते, म्हणून मोकळी जागा पुसणारं साधन एकदा चालवावं. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, तशी पुसापुशी भरवशाची नसते. तिथे पूर्ण डिस्कच पहिल्यापासून एन्क्रिप्ट असणं बरं.

वर्ड, एक्सेल, पीडीएफला पासवर्ड घालतो तो चालेल?

नव्या ऑफिसमधला ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ चालतो. एक्सेलमधलं ‘प्रोटेक्ट शीट’ हे एन्क्रिप्शन नाही. कोणी चुकून आकडे बदलू नयेत एवढ्यासाठी ते आहे. जुन्या ‘एक्सएलएस’ फायलींचं लॉक आजच्या संगणकापुढे टिकत नाही. साध्या झिपचं जुनं एन्क्रिप्शनही १९९० च्या दशकातच मोडीत निघालं.

पीडीएफमध्ये एक गंमत आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो, म्हणून लोक निर्धास्त. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. तुम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही तो सांगता येईल.

पासवर्ड कसा असावा?

लांब. चार चिन्हं आणि एक आकडा घुसवून आठ अक्षरांचा अवघड पासवर्ड करण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द ओळीने लिहिलेले बरे. शब्द तुम्ही मनाने निवडू नका, शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो घ्या. मनाने निवडले की माणूस फिरून कुलदैवत, बागेचं नाव, होडीचं नाव आणि मुलीचं नाव यांवरच येतो, आणि ती सगळ्या वाडीला ठाऊक असतात.

मराठी शब्द जरूर घ्या, पण टाइप इंग्रजी अक्षरांत करा. संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर किंवा परक्या संगणकावर मराठी कीबोर्ड मिळेलच असं नाही. आणि स्पेलिंग एकदा ठरवून कागदावर लिहा. ‘वळचण’ इंग्रजी अक्षरांत कोणी ‘व्ही’ने सुरू करतो, कोणी ‘डब्ल्यू’ने. शब्द आठवतायत पण उघडत नाही, असं म्हणत येणाऱ्यांचा घोटाळा बहुधा एवढाच असतो.

पासवर्ड विसरलो तर तुम्ही उघडून द्याल?

नाही. आम्हीच काय, व्हेराक्रिप्ट बनवणारेही देऊ शकत नाहीत. एईएस ही अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये स्वीकारलेली पद्धत आहे, आणि तिच्या २५६ बिटच्या प्रकारात शक्य असलेल्या कींची संख्या ७८ अंकी आहे. शब्द आठवत असून फक्त स्पेलिंगची शंका असेल तर बसून प्रयत्न करता येतो. ‘घाटावर एक जण उघडून देतो’ असं कोणी सांगितलं तर आधी पैसे देऊ नका.

मधेच लाईट गेली तर?

बिटलॉकरचं डिस्क एन्क्रिप्ट करायचं काम मधे थांबलं तर मशीन सुरू झाल्यावर तिथून पुढे चालू होतं. तरी हे काम पावसाच्या तोंडावर, डेस्कटॉपवर आणि बॅटरी बसलेल्या इन्व्हर्टरच्या भरवशावर करू नका. व्हेराक्रिप्टचा कंटेनर उघडा असताना वीज गेली तर बहुधा काही होत नाही, पण आतली फाइल लिहिली जात असेल तर ती खराब होऊ शकते. कंटेनरच्या सुरुवातीला ‘हेडर’ नावाचा छोटा भाग असतो, तो बिघडला तर पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाही. त्याची एक नक्कल फाइलच्या शेवटी ठेवलेली असते, शिवाय ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ करून वेगळी प्रतही काढता येते.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किती दिवस वीज नव्हती ते मालवण-देवगडकडच्यांना सांगायला नको. म्हणून बॅकअप. कंटेनरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. लॉक असलेली फाइल असल्याने ती मुंबईच्या भावाकडे ठेवायला हरकत नाही. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून लावून बघा.

गूगल ड्राइव्हवर कंटेनर ठेवला तर?

ठेवता येतो, पण एक खोच आहे. आतली फाइल बदलली तरी व्हेराक्रिप्ट बाहेरच्या कंटेनरची तारीख बदलत नाही, ते तसंच बनवलंय. त्यामुळे काही बॅकअप आणि सिंक सॉफ्टवेअरना बदल झालाय हे कळतच नाही आणि क्लाउडवर जुनीच प्रत राहते. प्रेफरन्सेसमधली ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टँप’वरची टिक काढा. त्यापेक्षा क्लाउडसाठी क्रिप्टोमेटर सोयीचं. ते प्रत्येक फाइल वेगळी लॉक करतं, म्हणजे एक ओळ बदलली म्हणून दोन जीबी परत चढत नाहीत. आपल्याकडच्या नेटला हे मानवतं.

यामुळे व्हायरस, रॅन्समवेअर थांबतात?

नाही. कंटेनर उघडा असताना मशीनमध्ये व्हायरस असेल तर तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं. बंद असला तरी रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तुमच्या लॉक फाइलवर स्वतःचं लॉक चढवू शकतं. त्यावर उपाय एकच, एरवी संगणकाला न जोडलेली बॅकअप डिस्क.

संगणक मंदावेल का?

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळी सोय असते. जाणवणार नाही.

हे कायदेशीर आहे ना?

स्वतःच्या फायली एन्क्रिप्ट करायला बंदी नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ खाली अधिकृत यंत्रणेने रीतसर आदेश दिला तर उघडून देण्यास मदत करावी लागते; नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला काही झालं तर घरच्यांनी काय करायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा वहिनी विचारतात, दादा नाही. पासवर्ड, ४८ आकडी की, आणि कुठली फाइल कशाने उघडते याच्या दोन ओळी कागदावर लिहा, पाकिटात बंद करा आणि दागिने-दस्तऐवज जिथे असतात तिथे ठेवा. बँकेचा लॉकर असेल तर उत्तम. लॅपटॉपच्या बॅगेत नको. पासवर्ड बदलला की कागदही बदला. आणि घरातल्या एकाला तुमच्यादेखत एकदा उघडायला लावा, तुम्ही हात न लावता.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड द्यावा का?

विंडोजचा पिन लागतो, तपासणी करायला. कंटेनरचा पासवर्ड कोणत्याही दुरुस्तीवाल्याला लागत नाही. मागितला तर कशाला हवा ते विचारा. आणण्याआधी कंटेनर बंद करा, बॅकअप घ्या. मशीन अजून चालू होत असेल आणि बोर्डाचं किंवा बायोसचं काम निघणार असेल तर बिटलॉकर ‘सस्पेंड’ (तात्पुरतं स्थगित) करून आणा, आणि रिकव्हरी की घरी आहे ना ते बघून मगच निघा. मशीन बंदच पडलं असेल तर कीचा कागद सोबत आणा. टाकायची वेळ आली तर तुम्ही समोर बसून टाका, कागद परत घेऊन जा.